डिसेंबरातला तंबू आणि एक राहिलेलं उत्तर

शुभा,

तू गेल्यापासून या घरात नऊ ब्राऊन ब्रेड, चार अॅपल टार्ट आणि एक अख्खं शिजवलेलं हॅम आलंय. हॅम शेजारच्या मिसेस पॉवरनी आणलं. नऊ वर्षं तू दर दिवाळीला त्यांना शंकरपाळे देत होतीस आणि दर वर्षी त्या तुला विचारायच्या, की तुम्ही मांस अजिबातच खात नाही, की फक्त काही दिवशी खात नाही. परवा त्या रडत रडत ते हॅम माझ्या हातात देऊन गेल्या. मला नाही म्हणवेना. ते आता फ्रीजमध्ये तुझ्या लोणच्याच्या बरणीशेजारी आहे.

लोक रांगेने येतात, हात हातात घेतात आणि इथल्या सांत्वनाच्या रीतीप्रमाणे म्हणतात, "सॉरी फॉर युअर ट्रबल." पहिल्या दिवशी मी सगळ्यांना "नो ट्रबल अॅट ऑल" म्हणत होतो. शेवटी मुक्ताने मला किचनमध्ये नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बाबा, यू जस्ट से थँक्स." मेनूथच्या कॉलेजातून आल्यापासून आपली लेक अगदी तुझ्यासारखी वागतेय. मला चारचौघांत काही बोलत नाही, बाजूला नेऊन सांगते.

तुझ्या हॉस्पिटलमधल्या मंडळींनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. तू कुठे शिकलीस, किती वर्षं भूल दिलीस, किती ज्युनिअर डॉक्टरांना रडवलंस, ते सगळं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मी तंबूची गोष्ट सांगितली. लोक खूप हसले. पण मी ती अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी त्यांच्यासाठी नव्हती.

तंबू तू आणलास. दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात, उन्हाळी सामानाच्या सेलमधून. तंबू ऑक्टोबरात स्वस्त का मिळतो, हा प्रश्न तुला पडला नाही, आणि मी विचारल्यावर तू म्हणालीस, "लोकांना कल्पनाशक्ती नसते." मग तू जाहीर केलंस की नाताळाच्या सुट्टीत आपण दोघं आयर्लंडच्या दक्षिणेतली फॉरेस्ट पार्क बघत गाडीने हिंडायचं आणि तंबूत राहायचं. पार्क म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पेशवे पार्क आलं. तिकीट, पिंजरे, भेळ. तू मात्र कॉलेजात असताना राजगडावर तीन रात्री काढल्या होत्यास, त्यामुळे या विषयात तुझा शब्द शेवटचा. राजगडावर मार्च महिना होता आणि जमीन कोरडी होती, हे मी सांगून पाहिलं.

मुक्ता तेव्हा पंधरा वर्षांची. तिला मैत्रिणीकडे सोडलं, तेव्हा तिने गाडीतलं सामान बघितलं. दोघांत मिळून एक मोठी स्लीपिंग बॅग, दोन माकडटोप्या, भाजणीचा डबा, गॅसची शेगडी आणि प्रेशर कुकर. "इट्स डिसेंबर, लाइक," ती म्हणाली. "ये आर क्रॅक्ड, द पेअर ऑफ ये." म्हणजे तुम्ही दोघंही वेडे आहात. तू तिला मराठीत म्हणालीस, "गृहपाठ कर." तिला सुट्टी होती.

कुकर मी घेतला होता, हे मी आजही नाकारत नाही. पहिल्या मुक्कामी, कॉर्कच्या पुढे डोंगरात, पाइनच्या झाडांखाली मी त्यात खिचडी लावली. आसपास चिटपाखरू नव्हतं. कॅम्पसाइटला कुलूप होतं आणि गावातल्या दुकानातल्या बाईंना आपण विचारलं, की इथे तंबू लावला तर चालेल का, तर त्या म्हणाल्या, "हू'ड स्टॉप ये?" तुम्हाला अडवणार कोण? मला हे उत्तर वाटत नव्हतं. तुला तो सरकारी परवाना वाटला. तर त्या शांततेत कुकरची पहिली शिट्टी झाली आणि समोरच्या उतारावरच्या सगळ्या मेंढ्या एकदम पळत सुटल्या. तू पोट धरून हसलीस. दुसऱ्या शिट्टीला एक मेंढी परत येऊन बघून गेली. मग पाऊस सुरू झाला, तो आपण घरी येईपर्यंत थांबला नाही असं मी सांगतो. मध्ये दोन तास थांबला होता असं तुझं म्हणणं.

तंबू दुसऱ्या दिवशी गळायला लागला. माझ्या बाजूने. लोकांना झोपवणं हा तुझा व्यवसाय, आणि त्यात तू किती निष्णात होतीस ते मी तेव्हा पाहिलं. पहिला प्रयोग तू स्वतःवर केलास. माझ्या कपाळावर थेंब पडत होते आणि तू घोरत होतीस. सकाळी मला म्हणालीस, "काय मस्त झोप लागली ना?" मी म्हटलं, "तुझ्यामुळे." तुला ती तारीफ वाटली.

आता ती गोष्ट, जी मी हॉस्पिटलच्या लोकांना सांगितली नाही.

माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात एक पत्र होतं. लिमरिकच्या माझ्या कंपनीने सप्टेंबरात आमचा अख्खा मजला रिकामा केल्यापासून मी घरी होतो. तू सकाळी सातला हॉस्पिटलला जायचीस, मी खिडकीतून कचऱ्याचे डबे उचलणारा ट्रक बघायचो. कुणी विचारलं की "अँड युअरसेल्फ?", तुमचं काय चाललंय, तर मी परसातल्या भाज्यांबद्दल बोलायला लागायचो. मिलिंद माझा कॉलेजपासूनचा मित्र, त्याची पुण्यात कंपनी. त्याने विचारलं, येतोस का. आपल्या घरात 'परत जायचं की इथेच राहायचं' हा वाद आपण आलो त्या दिवसापासून चालू होता, पण तो चहासारखा होता, रोज व्हायचा आणि त्याने काही बिघडायचं नाही. या वेळी मी वाद न घालता थेट मिलिंदला हो कळवून टाकलं. मार्चमध्ये रुजू होतो म्हणून. तुला न विचारता. पत्र आलं, ते मी घडी करून खिशात ठेवलं आणि ठरवलं, की प्रवासात चांगली वेळ बघून सांगू.

चांगली वेळ म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. तू भिजलेले मोजे शेगडीवर वाळवत होतीस, ती नव्हती. मेंढ्यांच्या वेळी नव्हती.

तिसऱ्या दिवशी ग्लेनगॅरिफच्या पलीकडे एका अरुंद जंगलवाटेवर रस्ता संपला. मी गाडी मागे घेत होतो आणि तू पाठीमागे पावसात उभी राहून हात हलवत होतीस, एसटीच्या कंडक्टरसारखी. यानंतरचा भाग वादग्रस्त आहे. तू म्हणायचीस की तू "बास" म्हणालीस. मी काच खाली केलेली होती, माझे कान ठणठणीत होते, मला स्वच्छ "ये" ऐकू आलं. पाच वर्षं आपण यावर भांडलो. पाहुण्यांसमोर भांडलो. मागचं चाक चरात उतरलं आणि गाडी एका बाजूला कलून बसली, एवढंच दोघांना मान्य होतं.

तू आत येऊन बसलीस. टोपी काढून पिळलीस. म्हणालीस, "बरं झालं अडकलो. आता तू कुठे जातोस बघू. तीन दिवस तुझा हात सारखा जॅकेटच्या डाव्या बाजूला जातोय. छातीत दुखतंय, का काही लपवतोयस? पहिलं डॉक्टर म्हणून विचारतेय, दुसरं बायको म्हणून."

मी म्हटलं, "दुसरं." आणि पत्र तुझ्या हातात दिलं.

तू ते वाचलंस. एकदा, मग पुन्हा. मग नीट घडी करून मला परत दिलंस, त्याच घडीवर. मी बोलायला तोंड उघडलं, तशी तू टोपी घातलीस, दार उघडलंस आणि कोथिंबीर आणायला निघावं तशी म्हणालीस, "ट्रॅक्टर बघून येते."

पाऊण तास मी त्या तिरक्या गाडीत बसून होतो. तिरकं बसून पश्चात्ताप करणं अवघड असतं, सारखं दाराकडे घसरायला होतं.

मग आवाज आला. लाल ट्रॅक्टर, त्यावर साठीतला एक उंच गृहस्थ आणि त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर माकडटोपी घालून तू. खाली उतरून तू त्याला इंग्रजीत माझी ओळख करून दिलीस. "हा माझा नवरा. हा इंडियाला चाललाय. मी इथेच राहणार आहे."

त्या गृहस्थाने माझ्याकडे बघितलं. मग चरात रुतलेल्या चाकाकडे बघितलं. "ह्याच गाडीने?" त्याने विचारलं.

त्याचं नाव डोनल. त्याने आपली गाडी पाच मिनिटांत ओढून काढली आणि चहाला घरी नेलं. नको म्हणायची सोयच नव्हती. डोंगराच्या कुशीत त्याचं घर, एकटाच राहायचा, एक कुत्री. त्याने हॅम सँडविचची चळत समोर ठेवली. तू ब्रेडमधलं हॅम काढून टेबलाखाली कुत्रीला देत होतीस आणि वर "लव्हली" म्हणत होतीस. कुत्रीने त्यानंतर आपण उठेपर्यंत तुझ्या पायावरचं डोकं काढलं नाही. डोनल आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. दोघं त्याच्याशी बोलत होतो, एकमेकांशी नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "माझा भाऊ गेला होता बॉस्टनला. दोन वर्षांसाठी म्हणून." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मी तेव्हा शाळेत होतो." आणि उठून त्याने किटली परत गॅसवर ठेवली.

त्याने घरातच झोपायचा आग्रह केला. तू म्हणालीस, आम्ही कॅम्पिंगला आलोय. तेव्हा त्याने गवताची शेड दाखवली, आणि आपण तंबू शेडमध्ये लावला, छपराखाली. आख्ख्या सहलीतला एकमेव कोरडा मुक्काम. पाचच वाजले होते, पण बाहेर मिट्ट काळोख. गवताच्या भाऱ्यांवर बसून तू शेवटी बोललीस. तू ओरडली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

"पुणे हा मुद्दाच नाहीये," तू म्हणालीस. "तू विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? कदाचित हो म्हटलं असतं. आता ते कधीच कळणार नाही. मलासुद्धा नाही."

मी म्हटलं, "मला वाटलं तू नाहीच म्हणशील."

"म्हणून माझं उत्तर तूच देऊन टाकलंस."

शुभा, मी पुष्कळ वाद घातले तुझ्याशी. त्या वाक्यानंतर मी उठलो आणि तंबूचा ओला कोपरा पुसत बसलो.

पुढचे दोन दिवस आपण हप्त्याहप्त्याने भांडलो. तंबूचे खांब जोडताना एक हप्ता, पेग ठोकताना दुसरा. भांडण आणि तंबू दोन्हीला चार हात लागतात, त्यामुळे लांबही जाता येईना. शेवटच्या दिवशी केरीच्या किनाऱ्यावर तू "मुक्ताचं काय, तिला विचारलंस?" असं म्हणत असताना वाऱ्याने तंबू आपल्या हातातून उचलला. तो वाळूवरून गडगडत निघाला आणि आपण दोघं त्याच्यामागे. मी पन्नास वर्षांचा होत आलो होतो, शाळेनंतर असा पळालो नव्हतो. तंबू एका खडकाला अडकला आणि तू त्याच्यावर पालथी पडलीस, मी तुझ्याशेजारी. दोघंही इतके हसलो की उठता येईना. तुझ्या टोपीत वाळू, माझ्या तोंडात वाळू. मग तू एकदम थांबलीस आणि म्हणालीस, "हसले म्हणजे मिटलं असं समजू नकोस."

मी तसं समजलो नाही. पण ते हसू माझ्याकडे आहे अजून. तू किती चिडलेली होतीस आणि तरी किती हसलीस. असं दुसरं कुणाला करताना मी पाहिलं नाही.

मार्चमध्ये मी गेलो. डब्लिनच्या विमानतळावर तू सोडायला आलीस. मुक्ता कानात वॉकमन घालून उभी होती, मला बघायचं नाही म्हणून जाहिराती वाचत होती. तू माझी कॉलर सारखी केलीस. म्हणालीस, "पाणी उकळून पी." वीस वर्षांच्या संसारानंतर, दोन खंडांच्या मध्ये उभं राहून, तू मला जुलाबांबद्दल सावध केलंस.

पुणं छान होतं. ते खोटं सांगणार नाही. काम चांगलं, मिलिंद चांगला, कोपऱ्यावर इडली. दर रविवारी तुला फोन करायचो. तू सांगायचीस, बॉयलर दुरुस्त झाला, मुक्ताची परीक्षा झाली, सगळं ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत ठीक. मी सांगायचो, इकडे पण सगळं ग्रँड. इतकं सभ्य आपण लग्न ठरताना सुद्धा बोललो नव्हतो.

जुलैत मी परत आलो. तू घ्यायला आलीस, ट्रॉलीवरच्या दोन मोठ्या बॅगा बघितल्यास आणि विचारलंस, "किती दिवस आहेस?" मी म्हटलं, "बघू." तू म्हणालीस, "बरं." घरी आल्यावर हॉट प्रेसमधला, म्हणजे कपडे उबदार ठेवायच्या कपाटातला, माझा कप्पा रिकामा केलास, तिथे तू टॉवेल ठेवायला लागली होतीस. मला घराजवळ, इथे वॉटरफर्डातच एक लहानशी नोकरी मिळाली, तिच्यात मी अजून आहे. परत का आलो, हे तू विचारलं नाहीस. मी उत्तर तयार ठेवलं होतं. एक आठवडा तयार ठेवलं, मग महिना, मग वर्ष. तू विचारलंच नाहीस. मला वाटतं, विचारायचा हक्क तू मुद्दाम वापरत नव्हतीस, कारण मी माझ्या वेळी तुला तो दिला नव्हता. किंवा तसं काहीच नसेल आणि तुला कामं असतील.

चार वर्षं झाली. चार चांगली वर्षं. नंतर तुझं ते सगळं सुरू झालं, ज्याची नावं तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. आपल्याच हॉस्पिटलात पेशंट म्हणून तू अगदी वाईट होतीस. सलाइनचा वेग स्वतः बदलायचीस. तुझेच ज्युनिअर तुला सुई टोचताना थरथरायचे आणि तू त्यांना मार्क द्यायचीस. शेवटून दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी, मी तुझ्यासाठी संत्रं सोलत होतो. तू डोळे मिटून होतीस. मला वाटलं, झोपलीस. आणि तू विचारलंस, "परत का आलास रे तेव्हा?"

चार वर्षं तयार असलेलं उत्तर. आणि मी म्हटलं, "तिकडे फार उकडत होतं."

तू हसलीस. हसता हसता खोकला आला, नर्स धावत आली, तिने माझ्याकडे रागाने बघितलं. मी ठरवलं, खरं उद्या सांगू, चांगली वेळ बघून. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझा मॉर्फीनचा डोस वाढवला होता. नंतर तू जागी झालीस ती थोडी थोडी, आणि मुक्ताला सांगायची कामं होती तुझ्याकडे. मी मध्ये आलो नाही.

म्हणून आता सांगतो.

जूनमध्ये पुण्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी तुला कळवलं नव्हतं. रविवारच्या सभ्य फोनमध्ये ते कुठे बसवावं कळेना. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती, ती मिलिंदने केली आणि 'नातं' लिहायच्या जागी 'मित्र' लिहिलं. मला टेबलावर कुशीवर वळवलं. तुला माहीत आहे मी सुईला किती घाबरतो. पण सुई दिसलीच नाही. पाठीमागून भूल देणारा एक तरुण डॉक्टर गप्पा मारत होता. "काका, कर्वे रोडचं ट्रॅफिक आता कसं वाटतं हो तुम्हाला?" मी सुरू झालो. रिक्षावाले, सिग्नल, उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटर. मला कळायच्या आत माझे पाय बधिर झाले होते. मला उताणं करून समोर हिरवा पडदा लावला. पडद्यापलीकडे सर्जनचं काम चालू झालं आणि हा डोक्याशी बसून विचारत राहिला, "आणि पार्किंगचं?"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला या विषयात फारच रस आहे."

तो हसला. म्हणाला, "मला नाही हो. मॅडमचा फोन आला होता आयर्लंडहून. तीनदा. तुमच्या मित्राने त्यांना कळवलं वाटतं. माझी तोंडी परीक्षाच घेतली त्यांनी. कुठलं औषध, किती, का. मग म्हणाल्या, तो घाबरतो पण सांगणार नाही. सुई दाखवू नका, आणि त्याला ट्रॅफिकबद्दल विचारा. एकदा सुरू झाला की तुमचं काम होईपर्यंत थांबणार नाही." मग म्हणाला, "काका, मी सांगितलं हे त्यांना सांगू नका. त्यांनी बजावलंय."

कमरेखाली मला काही कळत नव्हतं. वर सगळं कळत होतं. माझ्या कानात पाणी जात होतं तेव्हा मला समजलं की मी रडतोय.

त्याने घाबरून विचारलं, "दुखतंय का?"

"नाही."

"मग काय होतंय?"

मी म्हटलं, "ट्रॅफिक फार वाढलंय हो पुण्यात."

दहाव्या दिवशी टाके काढले. अकराव्या दिवशी तिकीट काढलं.